खांडीची हजेरी

धर्मराज आमदार झाला तो काही भाषणांनी नाही. भाषण त्याला शेवटपर्यंत धड जमलं नाही; माईक समोर आला की पहिली दोन मिनिटं खोकण्यात जायची. तो आमदार झाला तो चिखलात बसून. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, तेव्हा ‘तडफदार नेतृत्व’ वगैरे डोंबल मला कुणी सांगू नये.

आमचा पाडा बोनकोड्याच्या खाली, खाडीच्या अंगाला. बत्तीस उंबरे. पाड्यापुढे भातशेती, शेतीपुढे मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आमच्या ओट्यांच्याही वर चढतं. मध्ये बांध होता म्हणून आम्ही होतो, एवढं साधं गणित. बांधाला एक लाकडी झडप होती, तिला उघाडी म्हणायचे. ओहोटीला ती उचलून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला पाडायची. ते काम माझ्या बापाकडे होतं, कान्हाकडे. बांध फुटला तर मात्र ते काम सगळ्या पाड्याचं. फुटलेल्या जागेला आम्ही खांड म्हणतो.

खांड पडली की बघणाऱ्याने बोंब ठोकायची आणि उंबऱ्यामागे एक माणूस हजर. चार-सहा जणांनी खांडीत उतरून पाण्याकडे पाठ करून, खांद्याला खांदा लावून बसायचं. बाकीच्यांनी त्यांच्यापुढे पेंढा आणि चिखल थापायचा. आधी माणसांची भिंत, मग मातीची. ज्या घरातून माणूस आला नाही, ते घर ‘बंद उंबरा’. पुढच्या खांडीत त्या घरचा माणूस उतरेपर्यंत त्यांच्या दारात कुणी जायचं नाही. हळदीला नाही, बारशाला नाही, मयताला नाही. कोर्टकचेरीला न भिणारी आमची माणसं या एका नियमापुढे चळचळ कापायची. मी शिकून पाड्याच्या शाळेत मास्तर झालो, तेव्हा बापाने शाळेतली एक कोरी हजेरीची वही मागून घेतली. म्हणाला, “नामा, तोंडी लई झाला. आता लिवत जा.” तेव्हापासून खांडीची हजेरी माझ्याकडे.

एकोणसत्तरच्या आषाढात मोठी खांड पडली, चांगली दोन पुरुष रुंद. त्या दिवशी आमच्याच पाड्यातला धर्मराज मध्यभागी बसला. पाण्याबरोबर आलेला ओंडका त्याच्या पाठीवर आदळला, तरी हलला नाही. दोन तास. वर काढला तेव्हा ओठ निळे पडले होते आणि दात असे वाजत होते की नाव सांगता येईना. माझा बाप माणसांची स्तुती करणाऱ्यातला नव्हता. पण त्या दिवशी त्याने स्वतःची घोंगडी त्याच्या अंगावर टाकली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “ह्यो पानी आडवील.”

मग नव्या शहरासाठी जमिनी घ्यायच्या नोटिसा आल्या. खाडीच्या दोन्ही अंगांची गावं हादरली. उलव्यापासून पावण्यापर्यंत धर्मराज पायी हिंडला. चार शब्द बोलायचा आणि मग गप्प बसून लोकांचं ऐकायचा. लोकांना ते बरं वाटायचं. कचेऱ्यांत त्यांचं ऐकणारं होतं कोण? खांडीची गोष्ट त्याच्या आधीच गावोगाव पोचलेली असायची. त्र्याहत्तरला सरपंच झाला, अठ्ठ्याहत्तरला आमदार. निकालाच्या दिवशी लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन बांधावर नेलं आणि उघाडीपाशी नारळ फोडला. माझा बाप त्या गर्दीत नव्हता. तो उघाडी पाडत होता, भरतीची वेळ झाली होती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. धर्मराजने खाल्लं नाही. इतर काय वाटेल ते बोला, हे बोलायचं नाही. शाळेला दुसरी खोली त्याने आणली, पाण्याची टाकी आणली, पावण्याच्या कारखान्यांत आमच्या पोरांना चिकटवलं. ऐंशीला पुन्हा निवडून आला. फरक पडला तो वेगळाच. या माणसाला कागदाचा लळा लागला. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाचं छापील उत्तर आलं की जीपमधून उतरून आधी माझ्याकडे यायचा. “वाच नामा, मोठ्यानं वाच.” मी वाचायचो. ‘सदर बाब शासनाच्या विचाराधीन आहे.’ त्याचा चेहरा असा खुलायचा की जणू काम झालंच! मी म्हणायचो, “दादा, विचाराधीन म्हंजे काय झालेलं नाय.” तो म्हणायचा, “आरं, पन छापून आलं ना?” ज्या माणसाच्या सात पिढ्यांनी छापील अक्षरात स्वतःचं नाव बघितलं नव्हतं, त्याला मी तरी काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर ते सगळे प्रश्न लिहून द्यायचो मीच. मलाही मजा वाटायची.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो एका मोठ्या इंजिनियरला बांध दाखवायला घेऊन आला. शेतजमीन सरकारजमा झालेली, बांधही सरकारचा, फक्त माती टाकून भरणी झाली नव्हती म्हणून आम्ही तिथे अजून भात लावत होतो. धर्मराजला तिथे दगडी बांध हवा होता. पक्का. पुन्हा कुणाला खांडीत बसायला लागू नये असा. इंजिनियर बांधावरून चालला, बूट झटकले आणि म्हणाला, “आमदारसाहेब, तुमची माणसं दरवर्षी हा लिंपून चकाचक करतात. फाईलवर बांध सुस्थितीत दिसतो. चांगल्या बांधाला मंजुरी कोण देणार?”

झालं. ते वाक्य धर्मराजच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी त्याने पाड्याची बैठक घेतली. “यंदा बांधाला कुनी हात लावायचा नाय. खराब दिसू दे. मी हाऊसमधी प्रश्न टाकतो. येकदा दगडी झाला का जन्माची कटकट गेली.” लोक एकमेकांकडे बघायला लागले. माझा बाप उठला. सत्तरीचा म्हातारा, कमरेत वाकलेला. “धर्मा,” म्हणाला, “खाडी तुझा प्रश्न वाचत नाय.” दोघं-चौघं हसले. धर्मराजही हसला, त्याच्या पाया पडला आणि म्हणाला, “काका, ह्या येकाच पावसाचा इस्वास ठेवा.” ठेवला लोकांनी विश्वास. त्याच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर? दुसऱ्याच दिवशी सकाळी शाळेच्या फळ्यावर वळणदार अक्षरात मी लिहिलं: ‘बांधाच्या कामास कोणीही हात लावू नये. आदेशावरून.’ बाप फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने विचारलंही नाही.

प्रश्न लागला आषाढी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. धर्मराजने माझ्यासाठी गॅलरीचा पास काढला. सकाळी निघताना बाप ओट्यावर बसून खाडीकडे बघत होता. मला म्हणाला, “आज उधान हाय.” मी इस्त्रीचा सदरा घातला होता, बुटांना चिखल लागू नये म्हणून पायाखाली बघत होतो. “आज आपला प्रश्न हाय, बाबा,” एवढंच म्हणालो आणि गेलो. हे मी त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. चाळीस वेळा मनात बदलून बघितलंय, बदलत नाही.

सभागृहात आमचा प्रश्न पाचवा होता. मंत्रिमहोदय उठले, कागद वाचला. बांधाची दुरवस्था निदर्शनास आली आहे, पक्क्या कामाचा आराखडा करण्यात येत आहे. धर्मराज उभा राहिला, खोकला, म्हणाला, “कधीपर्यंत?” उत्तर आलं, “यथावकाश.” दोन-चार बाकांवर हशा झाला. पण धर्मराजने मान वर करून गॅलरीत माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच म्हणाला, झालं! मग आम्ही कॅन्टीनमध्ये वडे खाल्ले. त्याने मला दोन प्लेट खायला लावले. त्या वेळी पाऊण वाजला होता, म्हणजे भरतीची बरोब्बर वेळ.

पाड्यावर काय घडलं ते मी नंतर एकेकाच्या तोंडून काढून घेतलं. बारा वाजता बापाला उघाडीच्या अंगाला खांड दिसली. हातभर होती. चार माणसांचं काम. त्याने बोंब ठोकली. पुरुष निम्मे पावण्याला कामावर, पण निम्मे घरी होते. सगळे बाहेर आले, घमेली घेऊन आले. बांधापर्यंत गेले. तिथे पोपट आडवा झाला. पोपट म्हणजे धर्मराजचा कार्यकर्ता, जीपमध्ये पुढे बसणारा. म्हणाला, “साहेबांनी हात लावू नका म्हटलंय. आता या टायमाला हाऊसमधी प्रश्न चाललाय. आज बांधलात तर प्रश्न मेला, दगडी बांध गेला!” आणि माणसं थांबली. अहो, थांबली! जन्मात कधी खांडीपुढे न थांबलेली माणसं घमेली हातात घेऊन उभी राहिली. माझा बाप त्यांच्याकडे बघत होता म्हणे. शिवी दिली नाही. धोतर कमरेला खोचलं, खांडीत उतरला आणि पाण्याकडे पाठ करून बसला. एकटा. त्याला वाटलं असणार, हा म्हातारा बसलेला बघून तरी येतील. हातभराची खांड अर्ध्या तासात दोन पुरुष झाली, आणि मग बांधाचा अख्खा तुकडाच त्याला घेऊन गेला.

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले होते. पाडा मांडीभर पाण्यात. धर्मराजची बायको सगुणा वहिनी धान्याची कणगी ओट्यावर ओढत होती. तिने आमच्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाप ओहोटीला खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत सापडला. धर्मराज त्या चिखलात गुडघ्यांवर बसला, बापाचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडला. मला रडू आलं नाही. मला त्याचा सफारी दिसत होता, त्यावर वड्याच्या तेलाचा डाग होता.

दुसऱ्या दिवशी ओहोटी साधून खांड बुजवायला सगळा पाडा उतरला. एकतीस घरांतून माणसं आली. मी वही घेऊन बांधावर उभा. आदल्या दिवसाच्या रकान्यात एकच खूण होती, माझ्या घरची. नियमाने बाकीचे एकतीसच्या एकतीस उंबरे बंद व्हायला हवे होते. पण आपलंच घर बंद कोण करून घेतो? धर्मराजने घमेलं उचललं, तेव्हा पोपटने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. त्याच पोपटने! “साहेब, तुमी नको. तुमच्यामुळं काका गेले.” मग एकेकाची मान हलली. मला विचारलं, मास्तर, बरोबर का? फळ्यावर वळणदार अक्षरात आदेश लिहिणारा मी. मी म्हणालो, “बरोबर.” तीस घरांनी आपलं सगळं खापर एका घरावर फोडलं आणि त्याचा उंबरा बंद, असं मी वहीत लिहून दिलं. माझ्या घरची खूण माझ्या बापाने स्वतःचा जीव देऊन केली होती. मी तिच्याआड लपलो.

पुढच्या वर्षी धर्मराजच्या मुलीचं लग्न झालं. आमदाराची मुलगी, मुंबईहून गाड्या आल्या, पाड्यातून चिटपाखरू गेलं नाही. हळद लावायला सगुणा वहिनीने माहेरच्या बायका आणल्या. पंच्याऐंशीला तो पुन्हा उभा राहिला आणि पडला. आमच्या पाड्याच्या पेटीत त्याला दोन मतं होती. त्या दोघांची. जीप गेली, पोपट दुसऱ्याच्या जीपमध्ये पुढे बसायला लागला. पक्षाच्या माणसांनी धर्मराजला वाशीच्या नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेऊन राहा म्हणून सुचवलं. तो गेला नाही. ओट्यावर बसून खाडीकडे बघत राहायचा. लोक म्हणायचे, डोक्यावर परिणाम झाला. मला माहीत होतं तो कशाची वाट बघतोय. त्याला एक खांड हवी होती.

ती मिळाली शहाऐंशीच्या श्रावणात, सकाळी अकराला. बोंब झाली तेव्हा शाळा सोडून मी वही घेऊन धावलो. मी पोचेपर्यंत धर्मराज खांडीत बसला होता. पन्नाशी उलटलेला, आमदारकीत पोट सुटलेला, पाणी छातीपर्यंत. पाडा जमला. त्याच्या शेजारी कुणी बसेना. वरच्या वर पेंढा आणि चिखल टाकत राहिले, त्याच्या तोंडाकडे न बघता. भरती फार मोठी नव्हती म्हणून निभावलं. तासाभराने खांड बुजली. तो हातांनी बांध धरत वर आला. गळ्यापर्यंत चिखल, दात वाजत होते. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“नामा, माज्या घरचा मानूस आला. लिवलंस?”

सगळे माझ्या पेन्सिलीकडे बघत होते. एकतीस घरांच्या खुणा मी केल्या होत्या. त्याच्या घरापाशी हात अडला. मला काय झालं ते आज नीट सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. तो जिवंत वर आला होता, याचाच मला राग आला. मी वही मिटली आणि शाळेत गेलो. मागे तो तसाच उभा होता. खूण नाही म्हणजे उंबरा बंदच, हे पाड्याने समजून घेतलं.

पुढच्या वर्षी मुरुमाचे ट्रक आले. शेतं भरली, बांध भरावाखाली गेला, उघाडीचं लाकूड कुणीतरी चुलीला नेलं. जिथे बाप बसला होता तिथे आता सिमेंटचे खुंट होते, प्लॉट नंबर लिहिलेले. खाडी लांब गेली. खांड पुन्हा पडणार नव्हती, म्हणजे धर्मराजला पुन्हा उतरता येणार नव्हतं. एकदा तो शाळेच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. मी पोरांकडून पाढे म्हणवून घेत होतो. एकवीसचा झाला, बावीसचा झाला, मी मान वर केली नाही. तेवीसच्याला बघितलं तर फाटकात कुणी नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या कार्तिकात तो पहाटे गेला. सात वाजता सगुणा वहिनी माझ्या दारात उभी. डोळे कोरडे.

“भावजी, वही काढा,” ती म्हणाली. “मुंबईवाल्यांना कलवलंय, ते हार घेऊन येतील. पन ताटी बांधाया, खांदा द्याया मानसं पायजेत. पोपट बोल्ला, वहीत खून आसंल तर समदे येतील.”

मी आत गेलो. ट्रंकेतून वही काढली. शहाऐंशीचं पान. एकतीस खुणा आणि एक कोरा चौकोन. तिच्याकडे पाठ करून खिशातलं शाईचं पेन काढलं आणि खूण केली. बाहेर येऊन पान तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून बोट ठेवून दाखवलं. “ही बघा. तुमच्या घरची.”

“आत्ता केलीत?”

“नाय वहिनी,” मी म्हणालो. तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो. “त्याच दिवशी केलती.”

तिने वही स्वतःकडे ओढली.

“मंग त्यांना सांगितलं का नाय? दोन वर्सं रोज इचारायचे. मी पान्यावरून आली का इचारायचे, नामा भेटला काय, काय बोल्ला काय. काल सांजचंबी इचारलं.”

तिने त्या चौकोनावरून बोट फिरवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. तिने बोटाकडे बघितलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, “चला. मानसांना सांगा.”